एनएफ१ जनुकाचा रिपोर्ट हातात आल्यावर

प्रश्न: माझा मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे. त्याच्या पोटावर, पाठीवर आणि मांड्यांवर मिळून दुधाच्या चहासारख्या रंगाचे नऊ डाग आहेत. त्वचेच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्टमध्ये ‘एनएफ१ जनुक, आर्जिनिन १९६८ स्टॉप, हेटरोझायगस, पॅथोजेनिक’ असं आलंय आणि खाली ‘ट्यूमर सप्रेसर’ असा शब्द आहे. नेटवर शोधलं तर १९४७ असा आकडा येतो. रिपोर्ट चुकला का? हा कॅन्सरचा जनुक आहे का? सासूबाई म्हणतात, पोटुशी असताना मी ग्रहण पाळलं नाही, भाजी चिरली, म्हणून डाग आले. त्या माझ्या सख्ख्या आत्या आहेत, त्यामुळे नात्यातल्या लग्नामुळे असं झालं असंही काहीजण म्हणतात. दुसऱ्या मुलाचा विचार करावा का? आम्ही सांगली जिल्ह्यात शेती करतो.

उत्तर:

ताई, आधी ग्रहणाचं बोलू. बाकी सगळं समजून घ्यायला तुमचं मन मोकळं असायला हवं, आणि हे ओझं डोक्यावर असताना ते होणार नाही. हा बदल ज्या बीजातून तुमचा मुलगा झाला त्या बीजातच होता. तुम्हाला दिवस गेल्याचं कळायच्या आधीच जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्यानंतर तुम्ही भाजी चिरली, सुई हातात घेतली, ग्रहणात झोपलात किंवा जागलात, यातल्या कशानेही त्याच्या जनुकाचं एक अक्षरही हललं नसतं. बावीस वर्षं मी जनुकीय आजारांच्या ओपीडीत बसते आहे आणि या एका समजुतीपायी रडणाऱ्या किती आया पाहिल्या याची मोजदाद नाही. सासूबाईंना पुढच्या वेळी सोबत घेऊन या. मी त्यांच्याशी बोलेन. त्याही आत्याच आहेत तुमच्या, त्यांच्या बोलण्यामागे नातवाची काळजीच असणार.

नात्यातल्या लग्नाचं उत्तर जरा वेगळं आहे. थॅलेसेमियासारख्या आजारात आई आणि वडील दोघांकडूनही जनुकाची बिघडलेली प्रत यावी लागते. नात्यात लग्न झालं की तीच बिघडलेली प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. तुमच्या मुलाचा विकार म्हणजे न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १, जनुकासारखंच त्यालाही थोडक्यात एनएफ१ म्हणतात. त्यात मात्र दोनपैकी एकच प्रत बिघडली तरी पुरते. त्यामुळे इथे नात्यातल्या लग्नाचा काही संबंध नाही. हा विकार जगात सगळीकडे, सगळ्या जातिधर्मांत, मुलांमध्ये आणि मुलींमध्ये सारखाच, साधारण तीन हजार जन्मांमागे एकात दिसतो. महाराष्ट्राची लोकसंख्या पाहिली तर ढोबळ हिशेबाने चाळीस हजारांच्या आसपास माणसं होतात. यातल्या कित्येकांना आपल्या डागांना काही नाव आहे हेही माहीत नसेल.

आता हे जनुक करतं काय? तुमची शेती आहे, तेव्हा मोटारीच्याच भाषेत सांगते. रात्री लाइट आली की ऑटो स्टार्टरवर मोटार आपोआप सुरू होते. बंद करायला मात्र कुणीतरी विहिरीवर जावं लागतं. कुणी गेलंच नाही तर सकाळी ऊस पाण्यात उभा असतो. आपल्या प्रत्येक पेशीत ‘रास’ नावाचं प्रथिन या मोटारीचं काम करतं. बाहेरून ‘वाढ, दुभाग’ असा निरोप आला की रासला जीटीपी नावाचा रेणू चिकटतो आणि रास चालू होतो. त्या जीटीपीचा एक तुकडा तुटून त्याचा जीडीपी झाला की रास बंद पडतो. तो स्वतःहूनही बंद होऊ शकतो, पण फार सावकाश. तोवर पेशीत वाढीचे हुकूम सुटतच राहतात. हा तुकडा हजारो पटींनी लवकर तोडून मोटार वेळेवर बंद करणारं एक प्रथिन आहे, त्याचं नाव न्यूरोफायब्रोमिन. आणि हे प्रथिन कसं बनवायचं त्याचा मजकूर जिथे लिहिलेला आहे ते एनएफ१ जनुक. आपल्या सतराव्या गुणसूत्रावर त्याची जागा आहे.

प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. समजा मोटार बंद करायला दोन सालगडी ठेवलेत आणि त्यातला एक पहिल्या दिवसापासून आलाच नाही. दुसरा बहुतेक ठिकाणी निभावून नेतो. म्हणूनच तुमचा मुलगा हसतो, पळतो, जेवतो, वाढतो आहे. पण शरीरात अब्जावधी पेशी आहेत. त्यातल्या एखाद्या पेशीत आयुष्यात कधीतरी उरलेली प्रतही बिघडते आणि तेवढ्याच जागी मोटार बंद करायला कुणी उरत नाही. हे त्वचेला रंग देणाऱ्या पेशीत घडलं, की तिच्यापासून झालेल्या पेशींच्या पट्ट्यात रंग जास्त तयार होतो आणि चहाच्या रंगाचा डाग दिसतो. नसांभोवती वेष्टण करणाऱ्या श्वान पेशीत घडलं तर तिथे मऊ गाठ होते, तिला न्यूरोफायब्रोमा म्हणतात. अंगभर एकसारखा रंग न येता ठिकठिकाणी डाग का आले, हे यावरून लक्षात येईल. त्या त्या जागच्या पेशींचं हे वेगवेगळं नशीब आहे.

तर ‘ट्यूमर सप्रेसर’ म्हणजे गाठ होऊ न देणारं जनुक. राखणदाराचं नाव आहे ते. रिपोर्टवर तो शब्द पाहून आईबापांची झोप उडते, कारण ‘ट्यूमर’ तेवढा वाचला जातो आणि ‘सप्रेसर’ वाचायचा राहतो. तुमच्या मुलाला आज कॅन्सर झालेला नाही आणि हा रिपोर्ट तसं म्हणतही नाही. पुढे काही गाठींचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे खरं. त्यावर खाली बोलते.

या जनुकाच्या शोधाबद्दल थोडं सांगितल्यावाचून राहवत नाही. स्ट्रासबर्गमधले डॉक्टर फ्रीडरिश फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी १८८२ मध्ये दाखवून दिलं की या गाठी नसांच्या आवरणातून निघतात. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १९९० मध्ये, अमेरिकेतल्या दोन गटांनी एकाच सुमारास हे जनुक शोधून काढलं. त्यातल्या मिशिगनच्या गटाचे प्रमुख फ्रान्सिस कॉलिन्स पुढे मानवी जनुकसंच प्रकल्पाचे प्रमुख झाले. जनुक सापडलं, पण ते करतं काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग त्याचा मजकूर इतर सजीवांच्या प्रथिनांशी ताडून पाहिला, तर तो जुळला पाव फुगवणाऱ्या यीस्टमधल्या दोन प्रथिनांशी. ती दोन्ही यीस्टमध्ये रास बंद करण्याचंच काम करत होती. माणसाच्या पाठीवरच्या डागाचं उत्तर यीस्टच्या पेशीत लिहिलेलं होतं. इतकी वर्षं झाली, तरी विद्यार्थ्यांना हे शिकवताना मला आजही तितकाच आनंद होतो.

१९४७ की १९६८? रिपोर्ट बरोबर आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, आर्जिनिन हा त्यातला एक मणी आणि आकडा म्हणजे माळेतली त्याची जागा. पेशी हे प्रथिन मुख्यतः दोन लांबीचं बनवते, एक २८१८ अमिनो आम्लांचं आणि दुसरं २८३९ चं. फरक २१ चा. हा २१ चा जोड मध्यावर, रास बंद करणाऱ्या भागातच, बसतो. त्यामुळे त्याच्या पुढच्या सगळ्या जागांचे आकडे दोन्ही मोजण्यांत २१ ने वेगळे येतात. १९४७ मध्ये २१ मिळवा, १९६८ होतात. बदल तोच. कुठल्या लांबीचं प्रथिन धरून मोजलं एवढाच फरक. रिपोर्टवर ‘ट्रान्सक्रिप्ट’ या शब्दासमोर जो क्रमांक आहे तो कुठली मोजणी वापरली हे सांगतो. हा घोळ डॉक्टरांचाही होतो. म्हणून आईवडिलांची तपासणी कराल तेव्हा हाच रिपोर्ट जोडून द्या, फक्त आकडा तोंडी सांगू नका.

‘स्टॉप’ म्हणजे मजकूर त्या जागी अर्ध्यातच थांबतो. असा अर्धवट संदेश पेशी बहुतेक वेळा मोडीत काढते, त्यामुळे त्या प्रतीपासून उपयोगाचं प्रथिन तयार होत नाही. एनएफ१ मध्ये पुन्हा पुन्हा सापडणाऱ्या बदलांपैकी हा एक आहे. डीएनएच्या त्या जागच्या अक्षराला एक रासायनिक खूण असते आणि अशी खूण असलेलं अक्षर आपोआप बदलण्याची शक्यता जास्त असते. म्हणून एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या घरांत हाच बदल नव्याने घडतो. ‘हेटरोझायगस’ म्हणजे दोनपैकी एका प्रतीत. ‘पॅथोजेनिक’ म्हणजे हा बदल विकाराचं कारण आहे याबद्दल शंका नाही.

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते. हा रिपोर्ट विकार आहे की नाही एवढंच सांगतो. तो किती आणि कसा असेल, हे सांगत नाही.

याला थोडे अपवाद आहेत. शंभरातल्या साधारण पाच जणांमध्ये एनएफ१ जनुक अख्खंच्या अख्खं, शेजारच्या जनुकांसकट गळालेलं असतं. त्यांना गाठी लवकर आणि जास्त होतात, शिकायलाही जास्त अडचण येते. याउलट ९९२ व्या जागचं मेथिओनिन हे अमिनो आम्ल तेवढं गळालेलं असेल, तर दिसणाऱ्या गाठी सहसा होत नाहीत. १८०९ व्या जागचं आर्जिनिन बदलून दुसरं अमिनो आम्ल आलं तरी तसंच, पण त्या मुलांचं हृदय तपासावं लागतं. असे अजून काही बदल माहीत झाले आहेत. तुमच्या मुलाचा बदल यात बसत नाही. या बदलावरून त्याच्या पुढच्या आयुष्याचं चित्र कुणी रंगवून सांगत असेल, वाईट किंवा चांगलं, तर ते रिपोर्टच्या बाहेरचं आहे.

माझ्याकडे एक वडील आणि त्यांची दोन मुलं वर्षानुवर्षं येत आहेत. तिघांमध्ये अक्षर न् अक्षर तोच बदल. वडिलांच्या अंगावर शेकडो छोट्या गाठी आहेत आणि ते रोज पहाटे दूध घालायला जातात. थोरल्या मुलाला डागांपलीकडे काही नाही. धाकट्याच्या मानेत खोल गाठ होती, तिच्यासाठी दोन शस्त्रक्रिया झाल्या. जनुक एकच, पण दुसरी प्रत कुठल्या पेशीत, कोणत्या वयात बिघडेल हे कुणाच्याच हातात नाही. त्यामुळे या विकारात जनुकाचा रिपोर्ट एकदा वाचून बाजूला ठेवायचा असतो. पुढची सगळी वर्षं लक्ष मुलाकडे द्यायचं असतं, कागदाकडे नाही.

लक्ष द्यायचं म्हणजे काय, तर वयाप्रमाणे वेगवेगळ्या गोष्टी बघायच्या.

तुमच्या मुलाच्या वयात सगळ्यात महत्त्वाचे डोळे. डोळ्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर साधारण शंभरातल्या पंधरा मुलांमध्ये एक गाठ दिसते, ‘ऑप्टिक ग्लायोमा’. ती बहुतेक सहा-सात वर्षांच्या आत होते. त्यातल्या बऱ्याच गाठी जागच्या जागी थांबतात, काही उपचार लागत नाहीत. पण काहींमध्ये नजर कमी होते आणि इतकं लहान मूल ‘मला नीट दिसत नाही’ असं सांगत नाही. त्याला वाटतं, जगच असं धूसर असतं. म्हणून आठ वर्षांचा होईपर्यंत दरवर्षी लहान मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं. मिरजेत किंवा कोल्हापुरात तशी सोय होईल. चष्म्याच्या दुकानातली तपासणी यासाठी चालत नाही. नजर, रंगांची ओळख, बाजूचं दिसणं आणि आतली नस, हे सगळं बघावं लागतं. जायच्या आधी आठवडाभर घरी चित्रांचा खेळ घ्या. एक डोळा तळहाताने झाकून लांबून छत्री, घर, मासा ओळखायचा, मग दुसरा डोळा. सवय झालेलं मूल तिथे घाबरत नाही आणि तपासणी खरी होते. बुबुळावर बारीक तपकिरी ठिपके दिसले तर घाबरू नका. कार्ल लिश या ऑस्ट्रियन नेत्रतज्ज्ञाने १९३७ मध्ये त्यांचं वर्णन केलं म्हणून त्यांना लिश नोड्यूल म्हणतात. मोठेपणी ते जवळपास सगळ्यांना होतात आणि त्यांनी नजरेला काहीही होत नाही.

दरवर्षी रक्तदाब मोजून घ्या, आणि तो लहान मुलांच्या पट्ट्याने. मोठ्यांचा पट्टा वापरला की आकडा खोटा येतो. या विकारात मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी अरुंद असू शकते, क्वचित मूत्रपिंडाच्या वरच्या ग्रंथीत गाठ होते. दोन्हींत रक्तदाब वाढतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. लहान मुलाचा रक्तदाब कोण मोजतो, असं म्हणून हे राहून जातं. तुम्ही मागून करून घ्या.

उंची, वजन, डोक्याचा घेर यांची नोंद ठेवा. डोकं थोडं मोठं आणि उंची थोडी कमी असणं यात नेहमीचं आहे. मात्र एखाद्या वर्षी उंची एकदम वाढली आणि वयात येण्याची चिन्हं फार लवकर दिसली, तर लगेच दाखवा. डोळ्याच्या नसेवरची गाठ मेंदूच्या शेजारच्या भागाला डिवचते तेव्हा असं होतं. पाठीचा कणा वाकतो का, ते साधारण सहाव्या वर्षापासून उघड्या पाठीवर बघायचं. नडगीच्या हाडाची मात्र काळजी करू नका. ते वाकायचं असलं तर बहुधा पहिल्या वर्षातच दिसतं. तीन वर्षांचा मुलगा दोन्ही पायांवर सरळ पळतो आहे, म्हणजे ती भीती बरीचशी मागे पडली.

काखेत आणि जांघेत बारीक तिळांसारखे ठिपके येत्या काही वर्षांत येतील. तेही याचाच भाग. त्वचेवरच्या छोट्या मऊ गाठी साधारण वयात येताना सुरू होतात.

आता एमआरआय. नजर चांगली असलेल्या, काहीही तक्रार नसलेल्या मुलाचा मेंदूचा एमआरआय सरसकट करावा का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. मी करत नाही. या वयाच्या मुलाला त्यासाठी भूल द्यावी लागते. शिवाय एनएफ१ असलेल्या बहुतेक मुलांच्या मेंदूत पांढरे ठिपके दिसतात. ते निरुपद्रवी असतात आणि वयाबरोबर पुसट होतात. पण ‘ब्रेनमध्ये लीजन्स’ असं वाचून घर हादरतं आणि मग एकामागून एक नको त्या तपासण्या होतात. नजरेत फरक, सतत डोकेदुखी, सकाळच्या उलट्या, फिट, डोळा पुढे येणं, यातलं काही असेल तर एमआरआय लगेच हवा, तिथे वाट बघायची नाही.

कॅन्सरबद्दल विचारलंत, तर आकडा लपवत नाही. नसांच्या आवरणाचा एक कॅन्सर आहे. एनएफ१ असलेल्या शंभरांपैकी साधारण दहा जणांना तो आयुष्यात कधीतरी होतो, आणि बहुतेकदा मोठेपणी. तो सहसा आधीच असलेल्या खोल, पसरट गाठीतून उठतो. तिला प्लेक्सिफॉर्म न्यूरोफायब्रोमा म्हणतात, आणि ती सहसा जन्मापासूनच असते, सगळ्यांना नसते. त्वचेवरच्या छोट्या गाठी कॅन्सरच्या होत नाहीत. घरच्यांनी तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या: असलेली गाठ झपाट्याने वाढू लागली, मऊ होती ती टणक झाली, किंवा रात्री झोपेतून उठवेल अशी दुखू लागली. यातली एक जरी झाली तरी महिनाभर लेप लावत बसायचं नाही. या विकाराच्या स्त्रियांना स्तनाचा कर्करोग तरुणपणीही होऊ शकतो, म्हणून त्यांची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, तिसाव्या वर्षापासून सुरू करतात. हे उत्तर वाचणाऱ्या कुणा बहिणीच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिलं.

एखाद्याच्या फुप्फुसाच्या किंवा त्वचेच्या कॅन्सरच्या रिपोर्टमध्येही ‘एनएफ१ म्युटेशन’ लिहिलेलं असतं. ती गोष्ट वेगळी. तिथे बदल बहुधा फक्त त्या गाठीत घडलेला असतो, जन्मापासून नसतो. एनएफ२ हा विकारही वेगळा. त्याचं जनुक बाविसाव्या गुणसूत्रावर आहे आणि त्यात मुख्यतः कानाच्या नसेवर गाठी होतात. नेटवर दोन्हींची सरमिसळ असते. त्यात जोसेफ मेरिक या एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या माणसाचे फोटो दिसतील. त्यांना हाच विकार होता असं फार वर्षं मानलं गेलं. १९८६ मध्ये तज्ज्ञांनी दाखवून दिलं की त्यांची लक्षणं प्रोटियस सिंड्रोम या दुसऱ्याच विकाराशी जुळतात. कृपा करून ते फोटो बघून आपल्या लेकराची कल्पना करू नका.

ज्यांच्या मुलांना फक्त डाग आणि काखेतले ठिपके आहेत, पण एनएफ१ मध्ये बदल सापडला नाही, त्यांनी स्प्रेड१ हे जनुक तपासायला सांगावं. हे प्रथिन न्यूरोफायब्रोमिनला पेशीच्या पडद्यापाशी, म्हणजे रासजवळ नेऊन पोचवतं. ते बिघडलं की डाग तसेच येतात, गाठी मात्र होत नाहीत. हा लीजियस सिंड्रोम, २००७ मध्ये ओळखला गेला. तुमच्या रिपोर्टने तो प्रश्न मिटवलाय.

शाळेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण माझ्या अनुभवात पुढच्या दहा वर्षांत तुम्हाला सर्वात जास्त भिडणारी गोष्ट तीच असेल. एनएफ१ असलेल्या निम्म्याच्या आसपास मुलांना शिकण्यात काही ना काही अडचण येते. बुद्धी बहुतेकांची नेहमीसारखीच असते, पण लक्ष टिकत नाही, फळ्यावरून उतरवताना ओळी सुटतात, अक्षर वेडंवाकडं येतं, चेंडू झेलता येत नाही, गणिताची मांडणी चुकते. मोटार वेळेवर बंद न होण्याचा परिणाम मेंदूतल्या पेशींच्या बोलाचालीवरही होतो, आणि त्याला दुसरी प्रत बिघडावी लागत नाही. बाई म्हणतात आळशी आहे, घरी मार बसतो, आणि खरं कारण पाठीवरच्या डागांत असतं. म्हणून अंगणवाडीत असतानाच त्याचं बोलणं, खेळणं, रंगवणं याकडे लक्ष ठेवा. पहिली-दुसरीत अडचण जाणवली तर बालविकासतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात धरलेली आहे. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात. उंदरांवर स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाने शिकण्यात फरक पडला होता म्हणून मुलांवरही चाचण्या झाल्या. मुलांमध्ये उपयोग झाला नाही. तेव्हा त्या गोळ्यांच्या मागे लागू नका. रोज अर्धा तास कुणीतरी शेजारी बसून शिकवणं यापेक्षा चांगलं औषध मला अजून सापडलेलं नाही.

औषध आहे ते खोल गाठींसाठी. रास चालू झाला की हुकूम पुढे रॅफ, मग मेक, मग अर्क अशा प्रथिनांच्या साखळीने जातो, जसं विहिरीचं पाणी पाटातून उसाच्या सऱ्यांपर्यंत जातं. मोटार बंद करता येत नसेल तर मध्ये पाटात माती टाकून पाणी अडवायचं, ही त्यामागची कल्पना. सेल्युमेटिनिब हे औषध मेकपाशी अडवतं. पन्नास मुलांवर झालेल्या चाचणीत पस्तीस जणांच्या प्लेक्सिफॉर्म गाठी निदान एक पंचमांशाने आटल्या, आणि एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत दोन वर्षांवरच्या मुलांसाठी त्याला मान्यता मिळाली. मिर्डामेटिनिब या तशाच औषधाला तिथे २०२५ मध्ये मुलं आणि मोठी माणसं दोघांसाठी मान्यता मिळाली. शस्त्रक्रिया करता येत नाही आणि त्रास देते आहे, अशा गाठीसाठीच ही औषधं आहेत. ती महाग आहेत, दीर्घकाळ घ्यावी लागतात, पुरळ, जुलाब, नखांभोवती सूज येते, हृदय आणि डोळे तपासत राहावे लागतात. थांबवली की गाठ पुन्हा वाढू शकते. तुमच्या मुलाला आज अशी गाठ नसेल तर औषधाची गरजच नाही. डागांवर तर कसलाच उपचार नको. लेझरने गेले तरी बरेचदा परत येतात. जडीबुटीचे लेप लावून कातडी भाजलेली मुलंही माझ्याकडे आली आहेत.

दुसऱ्या मुलाचं. आधी तुम्हा दोघांची तपासणी. निम्म्या रुग्णांमध्ये हा बदल आईवडिलांत नसतो, मुलातच नव्याने आलेला असतो. एनएफ१ हे अवाढव्य जनुक आहे आणि नवे बदल ज्यांच्यात सर्वाधिक होतात अशांपैकी एक. नव्याने होणारे असे छोटे बदल बहुतेक वेळा वडिलांकडच्या बीजात घडतात. हे ऐकून आता दोष त्यांच्यावर टाकायचा नाही. शरीरात रोज कोट्यवधी पेशींची नक्कल होते आणि एखादं अक्षर चुकतं, त्यावर कुणाचाच ताबा नाही.

दोघांची त्वचा चांगल्या उजेडात पूर्ण बघायची, बुबुळं स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांच्या दुर्बिणीखाली, बघायची आणि रक्तात हा एकच बदल शोधायचा. सगळा जनुकसंच पुन्हा तपासायची गरज नाही, त्यामुळे खर्चही कमी येतो. दोघांतही काही सापडलं नाही, तर पुढच्या मुलाला हा विकार होण्याची शक्यता साधारण शंभरात एक. ती शून्य नसते, कारण कधी कधी रक्तात नसलेला बदल बीज तयार करणाऱ्या काही पेशींत दडलेला असतो. एका जोडप्यात वडिलांच्या छातीच्या फक्त डाव्या बाजूला ठिपक्यांचा पट्टा होता. तीळ म्हणून त्यांनी कधी लक्षच दिलं नव्हतं. त्यांच्या शरीराच्या काही भागातच हा बदल होता. म्हणून त्वचा बघताना शर्ट काढूनच बघायची. दोघांपैकी एकात पूर्ण बदल सापडला, तर प्रत्येक वेळी शक्यता निम्मी.

बदल नेमका माहीत असल्यामुळे गर्भात तपासणी करता येते, अकरा ते तेरा आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन किंवा सोळा आठवड्यांनंतर गर्भजल काढून. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदणी असलेल्या केंद्रातच हे होतं, आणि मुलगा की मुलगी हे सांगत नाहीत. करावं की नाही हे मी सांगणार नाही. तपासणी पुन्हा तेच सांगेल, आहे की नाही, किती ते नाही. काही जोडपी ती करतात, काही म्हणतात पहिल्याला वाढवतोय तसं दुसऱ्यालाही वाढवू. दोन्ही प्रकारची घरं मी जवळून पाहिली आहेत. विचार करायला वेळ हवा, म्हणून दिवस जायच्या आधी या.

येताना मूळ रिपोर्ट, लसीकरणाचं कार्ड आणि जन्मावेळची नोंद आणा. घरी डाग रोज मोजू नका. वर्षातून एकदा, वाढदिवसाच्या सुमारास, शेजारी पट्टी ठेवून दिवसाउजेडी फोटो काढा आणि त्याच आठवड्यात डोळे, रक्तदाब, कणा ही तपासणी करून घ्या, म्हणजे तारीख विसरत नाही. मात्र डोळा तिरळा वाटला, तो टीव्हीच्या फार जवळ बसायला लागला किंवा वस्तू घेताना हात बाजूला जायला लागला, तर वाढदिवसाची वाट बघू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने मिरज गाठा.